बँडसॉच्या चाकावरचे झिजलेले टायर बदलताना

बँडसॉ, म्हणजे वरच्या आणि खालच्या अशा दोन चाकांवर पट्ट्यासारखे ब्लेड फिरवणारी लाकूड कापायची करवत, सरळ कापेनासा झाला की दोष देण्याचा क्रम बहुतेक कारखान्यांत ठरलेला असतो. आधी धार गेली असे म्हणून नवे ब्लेड चढवले जाते, मग गाईड, म्हणजे ब्लेडला बाजूंनी आणि मागून आधार देणारे भाग, आवळले जातात, मग लाकूडच पिळाचे आहे असे ठरते. आणि चाकावर बसवलेल्या रबरी पट्ट्याकडे, म्हणजे टायरकडे, सगळे उपाय थकल्यावर कोणाचे तरी लक्ष जाते. वास्तविक ब्लेड लोखंडी चाकावर चालत नाही, ते या जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या टायरवर चालते. टायर ब्लेडला पकड देतो, दातांना चाकाच्या धातूवर घासण्यापासून वाचवतो आणि ब्लेड चाकाच्या मधोमध राहील अशी व्यवस्था करतो. तो बिघडला की बाकी कितीही जुळवाजुळव केली तरी ती दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही.

पुढील माहिती लहान कारखान्यात किंवा घरच्या शेडमध्ये असलेल्या १४ इंची चाकाच्या मशीनला धरून लिहिली आहे. बिडाच्या मोठ्या, १८ इंच आणि त्यापुढच्या मशीनवर रबर चिकटवून बसवण्याची पद्धत अधिक दिसते. तिथे काय वेगळे करावे लागते तेही ओघात येईल.

टायर खरोखरच गेला आहे का?

मेन स्विच बंद करून आणि प्लग काढून दोन्ही दारे उघडावीत व टायरवर अंगठ्याचे नख दाबावे. चांगले रबर नखाखाली दबते आणि नख काढताच पूर्ववत होते. नखाची खूण तशीच राहिली, किंवा नख आत जातच नसेल आणि पृष्ठभाग जुन्या चपलेच्या तळव्यासारखा चकचकीत व कडक लागत असेल, तर रबराचा जीव संपला आहे. बारीक भेगा, मधोमध पडलेली खाच, कडेला उचललेला भाग या खुणा डोळ्यांना दिसतातच. खालच्या चाकाखालच्या भुशात काळी भुकटी मिसळलेली आढळली, तर ती झिजलेल्या रबराचीच असते.

मशीन चालू असताना ठराविक लयीत ठोका येत असेल, तर तो टायरचा की ब्लेडच्या जोडाचा, हे आधी ठरवावे. १४ इंची चाकाचा घेर सुमारे ४४ इंच असतो आणि या मापाच्या मशीनला नेहमी लागणारे ब्लेड ९३.५ इंचांचे असते. म्हणजे ब्लेडचा एक फेरा पुरा होईपर्यंत चाक दोनदा फिरून थोडे पुढे गेलेले असते. मशीन बंदच ठेवून वरचे चाक हाताने सावकाश फिरवावे, ब्लेडच्या जोडावर आणि चाकाच्या कडेवर खडूने एकेक खूण करावी, आणि ब्लेड कोणती खूण आली की पुढेमागे सरकते ते पाहावे. जोडाच्या खुणेबरोबर सरकत असेल तर दोष ब्लेडचा. चाकाच्या खुणेबरोबर सरकत असेल तर दोष टायरचा किंवा त्याखाली अडकलेल्या कशाचा तरी. या पाच मिनिटांच्या तपासणीने पुष्कळदा नव्या ब्लेडचे पैसे वाचतात.

आणखी एक शक्यता आधी निकालात काढावी. चीड किंवा पाइनचे, म्हणजे पेट्या आणि पॅलेटचे लाकूड सतत कापले जात असेल, तर त्याची राळ आणि भुसा मिळून टायरवर कडक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा जागोजागी जाड-पातळ असल्यामुळे लक्षणे अगदी झिजलेल्या टायरसारखीच दिसतात. ओल्या फडक्याने आणि लाकडी पट्टीच्या बोथट कडेने तो खरवडून पाहावा. खाली रबर मऊ आणि अखंड सापडले, तर टायर बदलण्याचे कारण नाही.

मापे आणि माल

बाजारात दोन प्रकारचे टायर मिळतात. पहिला जुन्या पद्धतीचा काळ्या रबराचा. तो बहुधा चिकटवावा लागतो. दुसरा युरेथेनचा, बहुतेक वेळा नारिंगी किंवा निळ्या रंगाचा. तो चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम लहान केलेला असतो आणि स्वतःच्या ताणानेच चाकावर बसून राहतो, त्यामुळे सहसा चिकटवावा लागत नाही. एकट्यादुकट्याने काम करणाऱ्यास मी युरेथेनचाच सल्ला देईन. तो थोडा महाग पडतो, पण पुढच्या खेपेला बदलताना चाकावरचा वाळलेला गोंद खरवडण्यात अर्धा दिवस जात नाही, हा फायदा त्या पैशांहून मोठा आहे.

टायर विकत घेण्यापूर्वी चाकाचा व्यास मोजावा, आणि तो टायरवरून नव्हे तर उघड्या धातूवरून मोजावा. चाकाच्या पाळीची, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या बाहेरच्या घेराची, रुंदीही मोजावी. १४ इंची मशीनवर ती सहसा एक इंचाच्या आसपास भरते. पाळीला दोन्ही बाजूंनी उंच कडा असून टायर त्यांमधल्या खाचेत बसतो, की पाळी मोकळी आहे, हेही नोंदवून ठेवावे. जुना टायर ताणून ढिला पडलेला असतो, तेव्हा तो काढून त्याच्या लांबीवर नवा मागवणे ही हमखास चूक ठरते. टायर नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवल्यास दोन्ही चाकांची पकड वेगळी राहते आणि ब्लेड जागेवर बसवताना त्याचा त्रास होतो.

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चाकावर चढवण्याचा उपाय अनेक ठिकाणी केला जातो. काम अडले असताना एखादा दिवस तो चालून जातो, पण ट्यूबची जाडी फार कमी असते, तिच्यावरची शिवणरेष ब्लेडखाली येते आणि दात तिला लवकरच चिरतात. त्यावर कायमची भिस्त ठेवू नये.

चाके उतरवणे

वीज तोडल्याची खात्री पुन्हा एकदा करावी. थ्री फेज जोडणी असेल तर केवळ स्टार्टरचे बटण दाबून थांबू नये. आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज पूर्ण तोडणारा स्विच, बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. टेबलाच्या फटीच्या टोकाशी टेबल एका पातळीत ठेवणारी पिन असते ती काढावी, गाईड मागे सरकवावेत, वरच्या चाकाचा ताण पूर्ण सोडावा आणि हातमोजे घालून ब्लेड बाहेर घ्यावे. ताण सुटलेले ब्लेडही अचानक उसळते, म्हणून ते तोंडापासून दूर धरून तीन वेढ्यांत गुंडाळून लगेच बाजूला टांगावे.

टायर चाक मशीनवर ठेवूनही बदलता येतो, पण चाक उतरवून बाकावर घेतल्यास काम निम्म्या कष्टात होते. चाकाचा नट सोडण्यापूर्वी आटे नीट पाहावेत. काही मशीनवर एका चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो आणि चुकीच्या दिशेने जोर लावल्यास शाफ्टचे आटेच मोडतात. चाक बाहेर ओढताना त्याच्या मागे शाफ्टवर पातळ वॉशर असू शकतात. दोन्ही चाके एकाच पातळीत यावीत म्हणून ते घातलेले असतात. ते किती होते, कोणत्या चाकामागे होते, याची नोंद तिथल्या तिथे दारावर खडूने लिहावी.

ही सूचना मी स्वतःची फजिती झाल्यावर शिकलो आहे. एकदा वरचे चाक काढताना त्यामागचा वॉशर ग्रीसमुळे चाकाच्या बेअरिंगला चिकटून बाहेर आला आणि पुढे चाक धुताना भुशात पडला. चाक बसवल्यावर ब्लेड काही केल्या मध्ये राहीना. नवे टायर सदोष आहेत असे मी दोन दिवस सर्वांना सांगत होतो. तिसऱ्या दिवशी झाडताना सुपलीत वॉशर सापडला.

चाक हातात असताना बेअरिंगही तपासून घ्यावे. बोटावर धरून फिरवल्यास ते निःशब्द फिरले पाहिजे. खरखर लागली तर याच वेळी बदलावे, कारण त्यासाठी पुन्हा एवढी खोलाखोल करण्याची कोणाची इच्छा नसते.

जुना टायर काढणे आणि चाक साफ करणे

कटरने टायर आडवा कापावा; मात्र पाते धातूपर्यंत दाबून ओढू नये, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमच्या चाकावर, कारण तिथे पडलेला ओरखडा कायमचा राहतो. शेवटचा पापुद्रा ठेवून कापावे आणि तो हाताने ओढून तोडावा. खाचेत नुसता बसवलेला टायर एका दमात निघून येतो. चिकटवलेला असेल तर हीट गनने थोडाथोडा भाग गरम करून, बोथट स्क्रॅपरने उचलत उचलत पुढे जावे.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे, पण नव्या टायरचे आयुष्य इथेच ठरते. गोंदाचा एखादा खपला, भुशाची गोळी किंवा गंजाचा फोड पाळीवर राहिला, तर वरच्या टायरवर नेमका तेवढाच उंचवटा येतो. लाकूड कापणाऱ्या १४ इंची मशीनवर ब्लेडचा वेग मिनिटाला साधारण ३००० फूट असतो. ४४ इंचांच्या घेराने हिशेब केल्यास चाक सेकंदाला तेरा वेळांहून जास्त फिरते, आणि प्रत्येक फेऱ्याला तो उंचवटा ब्लेडला एक धक्का देतो. ब्लेड तुटण्यामागे पुष्कळदा हे न दिसणारे धक्केच असतात.

उरलेला गोंद फडक्यावर थिनर घेऊन मऊ करावा आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. थिनर वापरताना हीट गन बंद करून दूर ठेवावी, शेडचे दार उघडे ठेवावे आणि ओला बोळा भुशाच्या ढिगावर टाकू नये. बिडाच्या चाकावरचा गंज वायर ब्रशने काढता येतो; अ‍ॅल्युमिनियमवर फक्त बारीक पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने चालवावा. शेवटी डोळे मिटून बोट पाळीवरून संपूर्ण फिरवावे. डोळ्यांना न दिसलेली गोळी बोटाला लागते.

साफ झालेल्या पाळीवर पोलादी पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहावे. पट्टी मध्ये टेकून दोन्ही कडांना उजेडाची रेघ दिसली तर चाकालाच क्राऊन आहे, म्हणजे पाळी मध्ये किंचित फुगीर आहे. पट्टी सपाट टेकली तर चाक सपाट आहे. हे आताच पाहून ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे. हा फुगीरपणा कशासाठी, हे पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा पाहिलेल्यास सांगावे लागणार नाही: सपाट पट्टा फिरताना पुलीच्या उंच भागाकडे चढतो, म्हणून पुली मध्ये फुगीर ठेवली की पट्टा आपोआप मधोमध राहतो. बँडसॉचे ब्लेड हा दात असलेला पट्टाच आहे.

नवा टायर चढवणे

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवून वाढवतो, चाकावर बसवतो आणि पाणी ओतून आकसवतो. युरेथेनचा टायर चढवताना उष्णतेचा उपयोग थोडा वेगळ्या कारणासाठी होतो. तो गरम झाल्यावर मऊ पडतो आणि हाताच्या जोराने ताणता येतो, इतकेच. बादलीत चांगले गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी घेऊन टायर त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावा. तोपर्यंत चाक बाकावर आडवे, पाळीखाली बोटे जातील एवढे उचलून ठेवावे.

टायर बाहेर काढून फडक्याने चटकन पुसावा, पाळीच्या एका बिंदूवर बसवावा आणि तिथे लाकडी ठोकळी लावून क्लॅम्प आवळावा. मग त्या बिंदूपासून दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी ताणत विरुद्ध टोकाकडे यावे. शेवटची पाच-सहा इंच लांबी हट्टी असते. तिथे दुसऱ्या माणसाने बसलेला भाग दाबून धरावा आणि पहिल्याने गोल कडेच्या लाकडी पट्टीने टायर उचलून आत ढकलावा. स्क्रू ड्रायव्हर वापरायचाच असेल तर त्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी. टायरच्या कडेला पडलेली बारीक चीर पुढे वाढत जाते. टायर मध्येच थंड होऊन ताठ झाला तर झटापट करू नये, पुन्हा पाण्यात टाकावा.

टायर चढला म्हणजे बसला असे नव्हे. चढवताना तो काही ठिकाणी जास्त ताणला जातो आणि तिथे पातळ पडतो, तर क्लॅम्पजवळ जाड राहतो. हा ताण सगळीकडे सारखा करणे हेच या कामातले खरे कसब आहे. त्यासाठी पापडाच्या लाटण्याएवढी बारीक, गुळगुळीत गोल दांडी टायर आणि पाळी यांच्यामध्ये घालावी आणि ती चाकाभोवती दोन-तीन पूर्ण फेरे फिरवावी. दांडी जाईल तिथला टायर क्षणभर मोकळा होतो आणि जास्त ताणलेला भाग कमी ताणलेल्या भागाकडून आपला वाटा घेतो. दांडी काढल्यावर टायर दोन्ही कडांना सारखा आहे ना ते पाहून, गरज पडल्यास अंगठ्याने सरकवावा आणि पूर्ण थंड होऊ द्यावा.

रबराचा टायर चिकटवायचा असल्यास आधी वरच्याप्रमाणेच कोरडा चढवून ताण सारखा करावा. मग टायरखाली दांडी तशीच ठेवून, तिच्यामुळे उघड्या पडलेल्या फटीत बारीक ब्रशने रबर अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे सनमायका किंवा फोम चिकटवायला वापरतात तसे, पाळीला आणि टायरच्या पोटाला पातळ लावत जावे व दांडी हळूहळू पुढे सरकवावी. आधी गोंद लावून मग टायर ताणायला घेतल्यास तो जिथे टेकेल तिथेच धरतो आणि ताण सारखा करण्याची संधी जाते. गोंद जाड लावू नये; त्याचाही उंचवटा होतो. कडांतून बाहेर आलेला गोंद लगेच पुसावा आणि चाक किमान एक दिवस तसेच पडू द्यावे. मोठ्या बिडाच्या चाकांवर रबर वल्कनाइझ केलेले, म्हणजे उष्णता देऊन चाकालाच पक्के जोडलेले असेल तर ते काम कारखान्यात करण्याचा हट्ट धरू नये. चाक रबर रोलरचे काम करणाऱ्याकडे द्यावे.

आता क्राऊनचा प्रश्न. चाकालाच क्राऊन असेल तर सारख्या जाडीचा टायर तो आपोआप घेतो, आणि युरेथेनवर पॉलिश पेपर चालवण्याचे काहीच कारण उरत नाही. चाक सपाट असून मशीनच्या रचनेत रबराला क्राऊन अपेक्षित असेल, तर चाक मशीनवर परत बसवून, ब्लेड न घालता, एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने ८० नंबरचा पॉलिश पेपर लावलेली ठोकळी किंचित तिरकी धरून दोन्ही कडांकडचा भाग थोडा उतरवावा. दार उघडे ठेवून मोटर चालू करून हे काम करणारे मी पाहिले आहेत; वेळ वाचतो खरा, पण बोट अडकायलाही वेळ लागत नाही. काही मोठ्या मशीनवर दोन्ही चाके मुळातच सपाट ठेवलेली असतात आणि रुंद ब्लेडचे दात पाळीच्या कडेबाहेर ठेवून ती चालवली जातात. अशा मशीनला हौसेने क्राऊन देऊ नये.

पुन्हा जुळणी

वॉशर नोंदीप्रमाणे घालून चाके बसवावीत. दोन्ही चाके एका पातळीत आहेत का ते पाहण्यासाठी लांब, सरळ लाकडी पट्टी दोन्ही चाकांच्या कडांवर उभी धरावी. टेबल मध्ये येत असल्यास पट्टीला तेवढी खाच पाडावी किंवा टेबल उतरवावे. पट्टी दोन्ही चाकांना वर-खाली, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. मात्र ही तपासणी ब्लेडला ताण देऊन करावी, कारण ताणाखाली मशीनचा सांगाडा थोडा वाकतो.

ब्लेड बसवताना दात आपल्याकडे आणि टेबलाजवळ खाली तोंड करून असावेत. नवा टायर जुन्यापेक्षा मिलिमीटरभर जाड असेल तर दोन्ही चाकांचा व्यास दोन मिलिमीटरने वाढतो आणि तेच ब्लेड पुरण्यासाठी वरचे चाक सुमारे तीन मिलिमीटर खाली ठेवावे लागते. म्हणून ताणाचा काटा आधी जिथे असायचा तिथेच येईल अशी अपेक्षा ठेवू नये. ताण दिल्यावर वरचे चाक हाताने फिरवत, चाक तिरके करणारा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने हलवून ब्लेड मध्यावर आणावे. किमान दहा-बारा फेरे हाताने झाल्यावर ते जागेवर राहिले, तरच पिन परत लावून दोन्ही दारे बंद करावीत आणि बाजूला उभे राहून मोटरला क्षणभर चालू-बंद असा झटका द्यावा.

गाईड सर्वांत शेवटी लावावेत. बाजूचे गाईड दातांच्या खाचेच्या मागे राहतील आणि ब्लेड व गाईड यांच्यात कागद सरकेल एवढीच फट असेल असे पाहावे. मागचे बेअरिंग ब्लेड मोकळे फिरताना टेकू नये, लाकूड आत ढकलल्यावर मात्र टेकावे. पहिला काप टाकाऊ फळीवर, पेन्सिलीच्या सरळ रेघेवरून घ्यावा.

खालच्या चाकाच्या पाळीला टेकणारा ब्रश मशीनवर नसेल तर जुन्या कपड्यांच्या ब्रशचा तुकडा पट्टीला स्क्रूने मारून तो या वेळीच बसवून घ्यावा. भुसा खालच्या चाकावरच सर्वाधिक पडतो. रोज संध्याकाळी ब्लेडचा ताण सोडावा, कारण ताणलेले ब्लेड रात्रभर एकाच जागी दाबत राहिले की नव्या टायरलाही तिथे चपटा डाग पडतो. सकाळी घाईत ताण द्यायचा राहून मशीन चालू होऊ नये म्हणून ‘ताण सोडला आहे’ अशी पाटी मात्र स्विचवर टांगायला विसरू नये.